आपली पोरं कुणाकडे बघून मोठी होताहेत? हरसूल खोऱ्यातल्या पाळकांना आणि वडीलजनांना खुलं पत्र

हरसूल खोऱ्यातल्या सर्व मंडळ्यांच्या पाळक बंधू-भगिनींनो आणि वडीलजनहो,



तुमच्या पडवीत रविवारी उपासना भरते. आठवडाभर शेतात राबून शनिवारी रात्री तुम्ही वचनाची तयारी करता, आणि तुमचं नाव कुठल्याही फलकावर नसतं. तुम्हाला हे पत्र मी नाशिकहून लिहीत आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण तुमच्या मंडळीतल्या तरुणांनी ते वाचावं असं मला वाटतं. आपल्या विश्वासाशी ज्यांचा संबंध नाही पण ज्यांच्या घराची भिंत तुमच्या घराला लागून आहे, त्यांनीही ते वाचावं.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. आपली पोरं आज कुणाकडे बघून मोठी होताहेत?

आश्रमशाळेतून दहावी-बारावी करून आलेला मुलगा संध्याकाळी जिथे नेटवर्क मिळतं त्या टेकाडावर जाऊन बसतो. मोबाइलवर मुंबईचे, दक्षिणेकडचे, थेट अमेरिकेतले उपदेशक त्याच्यासमोर येतात. मोठं व्यासपीठ, दिवे, वाद्यवृंद, हात उंचावून उभे असलेले हजारो लोक. त्या उपदेशकांतले काही मनापासून बोलतात आणि त्यांचं बोलणं कधी कधी खरोखर उभारी देतं, हे मी नाकारत नाही. पण तो मुलगा काल रात्री पिऊन घरी आला की नाही, हे त्या उपदेशकाला कधीच कळणार नाही. आणि तो उपदेशक आपल्या बायकोशी कसा बोलतो, उधारी कशी फेडतो, रागावल्यावर काय करतो, हे या मुलाला कधीच दिसणार नाही. माणूस माणसाला घडवतो तो अशाच गोष्टी डोळ्यांनी बघून. प्रवचन त्यानंतर येतं.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात आठवा. तीमथ्याचा विश्वास कुठून आला हे सांगताना पौल कुठल्या मोठ्या सभेचं नाव घेत नाही. तो दोन बायकांची नावं घेतो, आजी लोईस आणि आई युनीके. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. म्हणजे घरात एकच श्रद्धा नव्हती. तुमच्या पाड्यांवर अशी घरं किती आहेत, ते मला तुम्हाला सांगायला नको. सासरा वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य घेऊन जातो, सून रविवारी उपासनेला येते, आणि दोघंही एकाच चुलीवरची नागलीची भाकरी खातात. त्या घरातलं लेकरू दोघांकडेही बघत असतं. आपल्या आईचा देव तिला सासऱ्याशी नीट वागायला शिकवतो की त्याला तुच्छ लेखायला शिकवतो, हे ते लेकरू कुठल्याही रविवार शाळेपेक्षा आधी शिकतं. अशा घरातल्या आईकडे आपलं लक्ष किती असतं? आपण तिला महिला संघात गाणं म्हणायला लावतो, चहा करायला लावतो. मंडळीचा निर्णय घ्यायची वेळ आली की मात्र पुरुष आत बसतात आणि ती बाहेर. लोईस आणि युनीके यांचं नाव पौलाने पत्रात लिहून ठेवलं. तुमच्या मंडळीच्या वहीत तिचं नाव निदान वडीलजनांच्या यादीत यावं, असं मला तळमळीने वाटतं.

दुसरा माणूस बर्णबा. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात मला तो फार आवडतो, आणि त्याच्यावर आपल्याकडे फार कमी उपदेश होतात. शौल, म्हणजे पुढचा पौल, विश्वासात आला तेव्हा यरुशलेमातली मंडळी त्याला घाबरत होती, कारण याच माणसाने कालपर्यंत त्यांचा छळ केला होता. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेलं. पुढे अंत्युखियातलं काम वाढलं तेव्हा तो स्वतः तार्सास गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. आधी पुस्तकात ‘बर्णबा आणि शौल’ असं येतं. काही पानांनंतर क्रम बदलतो आणि ‘पौल आणि बर्णबा’ असं होतं. आपण आणलेला माणूस आपल्यापुढे गेला, याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याचं एक अक्षरही तिथे नाही. नंतर मार्कावरून त्याचं पौलाशी कडाक्याचं भांडण झालं. मार्क एकदा अर्ध्यातून परत गेला होता, म्हणून पौलाला तो नको होता. बर्णबाने पौलाची साथ सोडली, पण मार्काला सोडलं नाही. आणि आयुष्याच्या शेवटी तोच पौल लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

तुमच्या पाड्यावर असा मार्क आहे का? असणारच. दोन वर्षं ढोलकी वाजवली, मग दारूकडे वळला, आणि आता रविवारी दारापर्यंत येऊन परत जातो. त्याच्याकडे पुन्हा जाणारा माणूस मंडळीत कोण आहे? आणि तुमच्याहून चांगलं बोलणारा, चांगलं गाणारा पोरगा उभा राहिला, तर त्याला पुढे करून स्वतः मागच्या ओळीत बसायची तुमची तयारी आहे का? मंडळ्या फुटतात त्या बहुतेक वेळा या जागी फुटतात. शास्त्राच्या अर्थावरून फुटल्या असं आपण बाहेर सांगतो.

आता घरच्या मातीतली माणसं. हरसूलहून वाघेरा, गिरणारे करत नाशिकला येताना गंगापूरच्या बाजूला गोदावरीच्या काठी जलालपूर लागतं. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या वाटेने बाजाराला, कचेरीच्या कामाला, द्राक्षबागेत मजुरीला जातात. त्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्माला आली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. मराठीतल्या सर्वोत्तम पुस्तकांची यादी कुणीही केली तरी तिचं ‘स्मृतिचित्रे’ त्यात असतं. आपल्या ख्रिस्ती घरांत मात्र ते क्वचितच दिसतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ‘उपासना संगीत’ उघडलं की त्यांची गीतं भेटतात. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी पुढे त्यांच्या आयुष्यात राहिला नाही. एका प्रवासापुरती चांगली वागणूक, एक पुस्तक, एवढंच त्याचं काम. पण ते काम अंगाला लागलं, कारण टिळकांच्या आत आधीपासूनच तुकाराम होता. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढे त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात गायली. मिशनच्या परक्या चालींत ती त्यांना गायची नव्हती. कोकणा आणि वारली बोलीत गाणी रचणाऱ्या तुमच्या तरुणांना कुणी सांगत असेल की देवाला मुंबईच्या चालीच आवडतात, तर त्यांना टिळकांचं नाव सांगा.

लक्ष्मीबाईंची वाट वेगळी आणि माझ्या मते अधिक अवघड होती. वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अतिशय कडक. नवरा बाटला, संसार मोडला, समाजात तोंड दाखवायची सोय उरली नाही. त्या काही वर्षं टिळकांपासून दूर राहिल्या. पुढे नगरला आल्या तरी आधी सोवळं सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी बाप्तिस्म्यासाठी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातपात देवाने केलेली नाही, ती माणसाने केली आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या वेळेने पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा विश्वास आणि बायकोचा विश्वास यांत पाच वर्षांचं अंतर आहे. त्या पाच वर्षांत टिळकांनी धीर धरला. हा धीर आपल्या मंडळ्यांमध्ये मला कमी दिसतो. कुटुंबातला एक जण आला की बाकीच्यांना आणण्यासाठी आपण त्याच्यामागे लागतो, आणि त्या घाईत घरात भांडण पेटतं.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लक्ष्मीबाई टिळकांना देव्हाऱ्यात बसवत नाहीत. त्यांचा राग, लहर, पैशाच्या बाबतीतला बेहिशेबीपणा, सगळं त्या सांगतात, आणि तरीही त्या माणसावरचं त्यांचं प्रेम आणि आदर पानोपानी दिसतो. आपल्या साक्षी कशा असतात? आधी मी पापी होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं छान आहे. ही साक्ष ऐकणारा तरुण घरी जातो, त्याच्या घरात काहीच छान नसतं, आणि त्याला वाटतं की कमी आपल्यातच आहे. विश्वासात आल्यावरही मला राग येतो, माझं कर्ज फिटलेलं नाही, माझा मुलगा माझं ऐकत नाही, आणि तरी मी प्रार्थना करतो, असं सांगणारा एक वडीलजन त्या तरुणाला शंभर चमत्कारांच्या साक्षींपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव तुमच्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात बालकवी म्हणून वाचलेलं असतं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं. तिथून पुढे हा पोरगा टिळकांच्या नगरच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं. तो ख्रिस्ती झाला नाही. १९१८ साली रेल्वेखाली सापडून तो गेला, तोपर्यंत टिळकांचं घर त्याचं घर होतं आणि त्याच्या कवितेला त्या घराने जपलं. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. कुणी आपल्यात आला की नाही याचा हिशेब न ठेवता त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं, हे या दांपत्याने करून दाखवलं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या दहाएक अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेलं काव्य पुढे नेलं. कोण कुणाला घडवत होतं, हे मग सांगता येत नाही, आणि ते सांगायची गरजही नाही.

पंडिता रमाबाईंकडूनही घेण्यासारखं एक आहे. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांच्या लेखनाचा रमाबाईंच्या बुद्धीवर परिणाम झाला. पण मन हललं ते लंडनजवळ फुलहॅमला, जिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे अशा बायकांना कुणी जवळ करत नाही, मग या का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. आधी सेवा दिसली, मग प्रश्न आला, मग वचन उघडलं गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर? ज्या भगिनींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातले. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हातात देणार नाही, हा त्या वादाचा गाभा होता. अशा हट्टी शिष्येला हाकलून द्यावं असं एखाद्या पाळकाला वाटलं असतं. त्याच हट्टातून पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका तिथे जगल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलही तिथेच तयार झालं. प्रश्न विचारणारी मुलगी तरुण संघात उभी राहिली तर तिला गप्प बसवण्याआधी रमाबाईंची आठवण करा.

नाशिकचंच आणखी एक उदाहरण देतो आणि मग तुमच्या पाड्यावर येतो. आज आपण ज्याला शरणपूर रस्ता म्हणतो, तिथे १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवलं. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुलं तिथे वाढली. त्यांना अक्षर शिकवलं आणि सुतारकी, लोहारकीसारखे हातचे धंदेही शिकवले. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या मुलखात मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं गेलं. त्या वेळी प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते नाशिकला शिकलेल्या या वेनराइटने. मग लिव्हिंग्स्टन यांचे सेवक सुसी आणि चुमा, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाहून समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या खांदेकऱ्यांत वेनराइट होता. जगाने लिव्हिंग्स्टनचं नाव लक्षात ठेवलं. मला त्या शिक्षकांचं कौतुक वाटतं, ज्यांनी सर्वस्व हिरावलेल्या एका पोराला असं घडवलं की कुणी बघत नसताना, देह परत न्यायची सक्ती कुणी केलेली नसताना, त्याने मेलेल्या माणसाची साथ सोडली नाही.

पाळकहो, तुमच्या पाड्यावर कुणी बघत नाही असा प्रसंग कुठला? मला तो द्राक्षबागेत दिसतो.

पाऊस सरतो, भात आणि नागली घरात येते, आणि मग कितीतरी घरांना कडी लागते. पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभं राहायचं, नाहीतर मुकादमाबरोबर दिंडोरी-निफाडकडे बागांवर मुक्कामाला जायचं. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी. या महिन्यांत मंडळी पांगते, आणि याच महिन्यांत हातात रोकड येते. आपला विश्वासी भाऊ मुकादम असेल तर बघणारे काय बघतात? तो बागायतदाराकडून ठरलेली मजुरी जशीच्या तशी मजुरांपर्यंत पोचवतो का? बाईला आणि गड्याला सारखं काम असेल तर दाम सारखा देतो का? उचल दिलेल्या माणसाला तो दबावाखाली ठेवतो का? आजारी पडलेल्या पोरीला तो घरी पोचवतो का? मजुरी वाटपाच्या संध्याकाळी तो माणूस जसा वागेल, तसा त्या टोळीतल्या प्रत्येकाला ख्रिस्त समजेल. त्या टोळीत ख्रिस्ती दोनच असतील आणि बाकीचे नसतील. त्या महिन्यांत तुम्ही त्यांना भेटायला बागेवर जाता का? रविवारच्या वर्गणीपेक्षा त्या भेटीचं मोल मोठं आहे.

दुसरी जागा आजारपण. आरोग्यासाठी प्रार्थना करणं आपल्या विश्वासाचा भाग आहे आणि मी त्याच्या विरोधात एक शब्दही लिहिणार नाही. पण साप चावलेल्या माणसाला आधी प्रार्थनेला आणि मग हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं जात असेल, तर तो क्रम बदला. प्रार्थना गाडीत बसून करता येते. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने चालतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडल्या तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. ‘प्रभूने बरं केलं, आता गोळ्या नकोत’ असं कुणी साक्षीत सांगितलं तर वडीलजनांनी तिथल्या तिथे उठून त्याला थांबवलं पाहिजे. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करून घ्यायला सांगणं, बाळंतपणाला बाईला वेळेत दवाखान्यात पोचवणं, हीही सेवा आहे. पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो, हे विसरू नका. आपल्या लोकांनी भगताकडे जाणं सोडलं, पण भगताबद्दलची भीतीच पाळकाबद्दल वाटू लागली, त्याच्या शापाला लोक घाबरू लागले, तर त्यांना सुवार्ता मिळाली असं मी म्हणणार नाही.

दारूबद्दल मी थोडंच लिहितो, कारण ते तुम्हीच जास्त चांगलं जाणता. विश्वासात आल्यावर दारू सुटलेली घरं तुमच्याकडे आहेत. अशा घरातल्या बाईला विचारलं तर ती कुठलाही सिद्धान्त सांगत नाही. मार थांबला, एवढंच सांगते. ही तुमच्या सेवेची सर्वांत मोठी साक्ष आहे आणि तिला कुणी खोटं ठरवू शकत नाही.

आता शेजारी. बाप्तिस्मा घेतला म्हणजे गाव सोडलं, असं आज बऱ्याच ठिकाणी बोललं जातं. आमिष दाखवून लोक ओढले असा आरोप होतो, आरक्षणाच्या यादीतून काढण्याची मागणी होते, आणि कधी कधी मंडळीच्या दारापर्यंत वाद येतो. या सगळ्यात कायद्याने जे करायचं ते कायद्याने करावं, भीतीपोटी लपून राहू नये. पण आपल्या बाजूने जे आपल्या हातात आहे, तेही प्रामाणिकपणे करावं. आवणीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या शेतात सावडीने जाणं सोडू नका. त्याच्या घरी मयत झालं तर लाकडं आणायला सर्वांत आधी तुमच्या मंडळीतली पोरं पोचली पाहिजेत. बोहाड्याच्या रात्री सोंगं नाचतात तेव्हा तुमच्या पोराला त्या सोंगांत उतरायचं नसेल तर नसू दे, पण त्या सोंगांची, आजोबांच्या देवाची टिंगल त्याच्या तोंडून कधी निघू नये. ग्रामसभा असेल, वनहक्काचा दावा असेल, विहिरीचा गाळ काढायचा असेल, तिथे ख्रिस्ती माणूस गावाचा माणूस म्हणून उभा दिसला पाहिजे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं, आणि त्याच हाताने हरित वसईसाठी, सर्वांच्या पाण्या-झाडांसाठी लढा दिला. म्हणूनच उस्मानाबादला २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा विरोध झाला तरी मराठी माणूस मोठ्या संख्येने त्यांच्या बाजूने उभा राहिला. ते वजन त्यांनी अनेक वर्षं शेजारधर्म पाळून मिळवलं होतं.

आणि पैसा. मंडळीत येणारा प्रत्येक रुपया, मग तो वर्गणीचा असो वा बाहेरून आलेल्या देणगीचा, त्याचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहा. तो मंडळीतल्या पोरांनी वाचावा, शेजाऱ्यानेही वाचावा. आमिषाच्या आरोपाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही, आणि पाळकाच्या नावाला यापेक्षा चांगलं संरक्षणही सुचत नाही.

यंदा लोक बागांवर निघायच्या आधी, भात घरात आल्यावर, एक काम करा. प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक वडीलजनाने मंडळीतली दोन तरुण माणसं निवडा, त्यात एक मुलगी असू द्या आणि एक तो, जो दारापर्यंत येऊन परत जातो. त्यांना उपदेश करू नका. त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवा, आपल्याबरोबर शेतात न्या, दवाखान्यात न्या, ग्रामसभेला न्या. तुम्ही चिडलात तर त्यांना चिडलेले दिसा, माफी मागाल तर तीही त्यांच्यासमोर मागा. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा. आणि घरात ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत ठेवा, त्यातलं एखादं प्रकरण संध्याकाळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जलालपूर तुमच्याच वाटेवर आहे, हेही त्यांना सांगा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एवढं नेमाने करा, ही तुम्हाला हात जोडून विनंती.

तुमचा,
प्रभूमधला एक भाऊ,
नाशिक